रंगहीन द्रव, बदामाचा वास

मी चोवीस वर्षं सेंद्रिय रसायन शिकवते आहे आणि या चोवीस वर्षांत आमच्या विभागात एकाही विद्यार्थ्याचा प्रयोग फसलेला नाही. या गोष्टीचा मला कैक वर्षं अभिमान होता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात अल्डिहाइडची चाचणी कुणीही करो, नळीच्या आतून चांदीचा लखलखीत आरसा धरतोच, निदान जर्नलात तरी धरतो. त्यासाठी लागणारी सिल्व्हर नायट्रेटची बाटली विभागप्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद असते आणि किल्ली त्यांच्या घरी असते, हा तपशील जर्नलात लिहायची पद्धत नाही. आजवर आमच्या जर्नलांत जितके आरसे धरलेत तितकी चांदी सराफ कट्ट्यातही सापडायची नाही.

ज्यांचा रसायनाशी संबंध दहावीत सुटला त्यांना थोडं सांगायला हवं. सेंद्रिय रेणू म्हणजे कार्बनची साखळी, आणि तिच्या टोकाला नाहीतर कडेला चिकटलेला दोन-चार अणूंचा एक गट. साखळी कितीही लांब असली तरी रेणूचा स्वभाव मुख्यतः हा गट ठरवतो. आमच्या कोरेगावकडच्या भावकीत असंच चालतं. चाळीस उंबरे आपापला ऊस बघत गप्प असतात, एकच चुलता ग्रामसभेत उठून भांडतो, आणि अख्ख्या भावकीला लोक तापट म्हणतात. मराठी पुस्तकात याला क्रियात्मक गट म्हणतात. आम्ही फंक्शनल ग्रुप म्हणतो. इंग्रजीत म्हटलं की समजल्यासारखं वाटतं.

तर अल्कोहोल. हा पाण्यात सहज मिसळतो, कुणाशीही जमवून घेतो, पण साखळी लांबली की त्याचाही तोरा वाढतो आणि तो पाण्याला ओळख देईनासा होतो. आम्ल आंबट, खाण्याच्या सोड्याशी गाठ पडली की फसफसणारच. अमाइनची बाटली उघडली की सुकटीच्या बाजारात उभं असल्यासारखं होतं. इस्टर गोडबोल्या. त्याला पिकल्या फळाचा वास असतो, पण अंगात पाणी मुरलं की तो फुटतो आणि त्याचं पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होतं. किटोन शांत, त्याला सहसा काही होत नाही. आणि अल्डिहाइड म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधलेला उतावळा नवरा. त्याला आम्ल व्हायची इतकी घाई असते की बाटलीचं बूच जरा सैल राहिलं तरी हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन तो कुणाला न सांगता आम्ल होऊन बसतो. हे मी दरवर्षी शिकवते. त्यावर चार गुणांचा प्रश्नही काढते.

प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना नळीत एक अनोळखी पदार्थ देतात. त्याचा रंग बघायचा, वास घ्यायचा, एकेक चाचणी करायची, गट ओळखायचा आणि शेवटी पदार्थाचं नाव लिहायचं. कागदावर हे असं आहे. आमच्याकडे क्रम उलटा. आधी नाव कळतं, नावावरून गट, गटावरून चाचण्या, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, नळीकडे बघणं. यासाठी एक यादी असते. डाव्या बाजूला बाटलीचा नंबर, उजव्या बाजूला पदार्थाचं नाव. मी साताऱ्याला शिकत होते तेव्हा ती वरच्या वर्गातल्या मुलीकडून वहीच्या पानावर उतरवून मिळायची, आणि मी ती कोरेगावच्या एस.टी.त पाठ करायचे. आता ती फोनवर येते. मधल्या काळात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती लॅमिनेट करून मिळत असे. दुकानदार मुलांचे चेहरे बघूनच विचारायचा, ऑरगॅनिकची देऊ का इनऑरगॅनिकची. तिथे बी.एस्सी.चे जेवढे विद्यार्थी नियमाने दिसत तेवढे माझ्या तासाला दिसत नसत.

ऐनवेळी नंबर बदलले तर? त्याची सोय मामांनी करून ठेवलेली होती. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले शिपाई. तीस वर्षं बाटल्या पुसून त्यांना जे रसायन येतं ते आमच्यातल्या निम्म्या पीएच.डी.वाल्यांना येत नाही. परीक्षकांना चहा द्यायला ते आत येत आणि ट्रे घेऊन टेबलांमधून जाताना गट सांगत जात. कपाळ पुसलं की आम्ल. मिशीवरून बोट फिरवलं की किटोन. पट्टा वर ओढला की अल्कोहोल. कान खाजवला की अल्डिहाइड. अमाइनला ते नुसतं तोंड वाकडं करीत. बाहेरून आलेले परीक्षक हे सगळं बघत आणि चहा छान झालाय म्हणत. त्यांच्या कॉलेजातही मामा असतातच.

हे मी आज हसत सांगते आहे, पण तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं हेही सांगून टाकते. पोरं पास होतात, निकाल चांगला लागतो, कुणाचं काय बिघडतं, असं मी म्हणायचे. नवीन लागलेल्या एका शिक्षकाने एकदा याविषयी कुरकुर केली तर मीच त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं.

मग कोरोनाची दोन वर्षं आली आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. आम्ही घरून, मोबाईलसमोर बसून प्रयोग घेतले. मी हॉलमध्ये रिकामी नळी हातात धरून सांगायचे, आता यात फेस आला असं समजा. मुलं समजायची. खरं तर त्यांच्यासाठी फार काही बदललेलं नव्हतं. फक्त एका मुलीला हे समजून घेणं जमत नव्हतं. ती जतकडची. घरात कन्नड, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. बाप मेंढरं राखणारा आणि पावसाच्या भरवशावर ज्वारी करणारा. गावात रेंज नसल्यामुळे ती बाहेरच्या टेकाडावर जाऊन बसायची आणि तिने माईक चालू केला की आधी मेंढरं ऐकू यायची. बाकीची मुलं हसायची, मी तिला माईक बंद ठेवायला सांगायचे. तिचा प्रश्न दर वेळी एकच असायचा, की हे आपल्याला कॉलेजात हातानं करायला मिळणार ना.

मिळालं. तिसऱ्या वर्षी कॉलेज उघडलं आणि ती सांगलीत येऊन राहिली. प्रयोगशाळेत ती जे करायची ते बघून सगळे चक्रावले, कारण ती प्रयोग करायची. एकदा करून भागलं नाही तर पुन्हा करायची. वितळणबिंदू काढायला तासभर बर्नरपाशी उभी राहायची. एक दिवस मामा माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "आवं मॅडम, ती जतची पोरगी लय बाटल्या उघडती. तिला यादी कुणी दिली न्हाई का?" यादी तिला दिली होती. तिने ती वहीच्या मागच्या पानात घडी करून ठेवली होती आणि स्वतःचं उत्तर आलं की मग ती उघडून ताडून बघायची. बाकीच्यांना याचं फार हसू यायचं. मलाही यायचं.

तिला पदवीची घाई होती. मिरज रस्त्यावरच्या एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेच्या मालकाने तिला शब्द दिला होता, की पास झालीस की लगेच कामावर ये. माती, पाणी, खतं, तेलं तपासायचं काम. आणि थोरल्या भावाने बजावलं होतं, की नापास झालीस तर सरळ गावाकडे यायचं, शिक्षण पुरे झालं. हे दोन्ही तिने मला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सांगितलं. सांगताना ती खुशीत होती. नापास व्हायचं तिला काही कारणच दिसत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मामांनी परीक्षेसाठी राखलेल्या बाटल्यांचं कपाट उघडलं तर बंदच्या दोन वर्षांत निम्म्या बाटल्या आटलेल्या, काहींची लेबलं उडालेली. म्हणून तिच्या बॅचच्या सोळाही जणांना एकाच बाटलीतला पदार्थ द्यायचं ठरलं. बाटलीवर बेंझाल्डिहाइड लिहिलेलं होतं. हा आमच्याकडचा सगळ्यात लाडका अल्डिहाइड, रंगहीन द्रव, कडू बदामाचा वास. मामांनी चहाची फेरी मारली आणि कान खाजवला. साताऱ्याकडून आलेल्या परीक्षक सरांनी चहाची तारीफ केली. अकराच्या सुमारास जतच्या मुलीने सिल्व्हर नायट्रेट मागितलं, तेव्हा मात्र पंचाईत झाली. मामांना किल्ली आणायला विभागप्रमुखांच्या घरी पळावं लागलं. वहिनींना ती कुठे ठेवलीय हे सापडायलाच अर्धा तास गेला म्हणे.

दीडच्या पुढे उत्तरपत्रिका माझ्यासमोर आल्या आणि मी सवयीच्या वेगाने तपासायला लागले. भौतिक स्थिती, रंगहीन द्रव. वास, कडू बदामासारखा. चांदीचा आरसा, मिळाला. असे पंधरा कागद आणि पंधरा आरसे झाले. सिल्व्हर नायट्रेट मात्र सबंध वर्गात एकीनेच मागितलं होतं.

सोळावा कागद तिचा. भौतिक स्थिती, पांढरे स्फटिक. वास, अगदी किंचित. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाकल्यावर, जोरात फेस. चांदीचा आरसा, मिळाला नाही. वितळणबिंदू, एकशे एकवीस अंश. गट, आम्ल. पदार्थाचं नाव, बेंझोइक आम्ल.

माझा पारा चढला. वर्षभर इतक्या बाटल्या रिकाम्या करून शेवटी हे? मी तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, की पंधरा जणांना द्रव दिसला तिथे तुला एकटीला स्फटिक कसे दिसले.

"मॅडम, नळीत जे हाय तेच लिवलंय," ती म्हणाली. "तुमीच बघा की."

नळी तिने बरोबर आणली होती. पांढरे, चकचकीत स्फटिक. नळी उलटी केली तरी खाली येईनात. मी उठले आणि स्टँडमधल्या बाकीच्या नळ्या एकेक करून बघितल्या. पंधराच्या पंधरा नळ्यांत तेच. पंधरा धडधाकट पोरं, डोळे शाबूत, नाकं शाबूत, तीन तास पांढऱ्या स्फटिकांसमोर बसून 'रंगहीन द्रव' लिहीत होती. आणि मी चष्मा लावून त्यांना गुण देत होते. बाटलीचं बूच दोन वर्षं सैल होतं. अल्डिहाइड हवा खाऊन आम्ल होऊन बसला होता. चार गुणांचा प्रश्न, तोही माझाच. मामांना विचारलं तर ते म्हणाले, चमच्यानं खरवडून काढावं लागलं तेव्हाच जरा शंका आली होती, पण लेबलावर तसंच होतं.

आता मी काय करायला हवं होतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण पंधरा जणांना नापास केलं असतं तर चौकशी झाली असती, चौकशीत मामा सापडले असते, मामांच्या मागोमाग यादी निघाली असती, आणि यादीच्या मागोमाग आम्ही सगळे. मी परीक्षक सरांना नळी दाखवली. त्यांनी नळीकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं. जेवणाच्या थाळ्या सांगून ठेवलेल्या होत्या. ते म्हणाले, पंधरा खाली आणण्यापेक्षा एक वर आणणं सोपं नाही का. मला हे शहाणपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मी मुलीला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, तिचा कागद तिच्यासमोर ठेवला आणि दुरुस्त कर म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. नोकरीची आठवण करून दिली, भावाचीही करून दिली. आपण या पोरीवर उपकार करतो आहोत असंच मला वाटत होतं. तिने पेनचं टोपण काढलं. मग तिने स्फटिक खोडून द्रव लिहिलं. वासाच्या जागी बदाम लिहिले. मधेच तिचं पेन थांबलं.

"मॅडम, फेस आला, त्याचं काय करू?"

"खोड," मी म्हणाले.

तिने कंपासमधली पट्टी काढली आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली. आरसा मिळाला नाही, यातलं 'नाही' खोडलं. शेवटी गट बदलला, नाव बदललं, आणि माझ्याकडे न बघता कागद माझ्या हातात दिला. मी तिला वीसपैकी अठरा गुण दिले. खाडाखोड फार केली होती म्हणून दोन कापले. मग आम्ही जेवायला गेलो. थाळी चांगली होती.

ती पास झाली. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी कंदी पेढे घेऊन घरी आली, वाकून नमस्कार केला, तुमच्यामुळं झालं मॅडम म्हणाली. मी तिला तोंडभर आशीर्वाद दिला. काही दिवस मला ते खुपत राहिलं, मग पुढचं सत्र आलं आणि खुपायचं थांबलं. ती बाटली मामांनी बूच घट्ट लावून त्याच लेबलासकट कपाटात परत ठेवली. ती अजून यादीवर आहे.

यानंतर दोन वर्षांनी माझा दीर एक कॅन घेऊन माझ्या दारात उभा राहिला. माझं सासर तासगावकडचं, दीर द्राक्षं करतो आणि बेदाणा काढतो. बेदाणा करायचा तर द्राक्षं आधी एका तेलाच्या पाण्यात बुडवून काढावी लागतात. त्या तेलाला तिकडे सगळे डीपिंग ऑइल म्हणतात, रसायनात ते एक इस्टर. द्राक्षाच्या मण्यावरचं मेणाचं कवच ते सैल करतं, मग शेडमधल्या जाळ्यांवर मणी लवकर वाळतो. त्या वर्षी मणी वाळेनात. चिकट राहिले, काळपट पडले. दीर म्हणत होता, तेल खराब निघालं, त्याचं आम्ल झालेलं असणार. दुकानदार म्हणत होता, तेल चोख आहे, तुमच्या माणसांना बुडवता येत नाही. अर्धी बाग अजून वेलीवर होती आणि हेच तेल वापरायचं की ओतून द्यायचं हे त्याला दोन दिवसांत ठरवायचं होतं.

"वहिनी, तुमी यातल्या मास्तरीन," दीर म्हणाला. "तेवढं बघून सांगा की."

बघायला अवघड नव्हतं. प्रयोगशाळेत नेऊन तासाभरात सांगता आलं असतं. पण लेबल नसलेल्या त्या कॅनसमोर उभी राहिले आणि माझ्या ध्यानात आलं, की यादीशिवाय मी आजवर एकही पदार्थ ओळखलेला नाही. नोकरीत इतकी वर्षं काढून मला कधी वाटली नव्हती एवढी लाज दिरासमोर वाटली. मी त्याला म्हणाले, माझी एक विद्यार्थिनी याच कामात आहे, तिच्याकडे जाऊ. हे वेळ मारून नेण्यासाठी नव्हतं. नळीत जे आहे तेच लिहील, अशी माझ्या ओळखीत ती एकच होती.

मिरज रस्त्यावरची तिची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. दीर खाली गाडीपाशी थांबला, मी कॅन घेऊन वर गेले. तिच्या अंगावर पांढरा कोट होता आणि हाताखाली दोन मुली होत्या. मला बघून ती उठली, स्वतःची खुर्ची दिली, चहा सांगितला. मराठी आता सांगलीकरांसारखं झालं होतं तिचं. मी सगळी हकीकत सांगितली. तिने फॉर्म ओढला, दिराचं नाव लिहिलं, पदार्थ लिहिला, तारीख घातली. मग निकालाच्या रकान्यावर पेन टेकवून आदबीने विचारलं, "मॅडम, काय यायला पाहिजे?"

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कशात? तेव्हा ती मला समजावून सांगायला लागली, मी वर्गात सांगते तसं, सावकाश आणि टप्प्याटप्प्याने. शेतकऱ्याकडून नमुना आला की सहसा आम्ल जास्त दाखवावं लागतं, म्हणजे त्याला दुकानदाराशी भांडता येतं. दुकानदाराकडून आला तर इस्टर चोख दाखवायचं. पहिले सहा महिने ती खरंच तपासत बसायची, पण रसायनं वाया जातात म्हणून मालक रागवायचे. आता काम लवकर होतं.

"अगं, जे असेल ते लिही," मी म्हणाले. "खरं ते."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "खरं म्हणजे कुणाचं, मॅडम? तुमच्या दिरांचं का दुकानदाराचं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी तो मुकाट्याने ऐकून घेतला असता, मला तो हवाच होता. पण ती नुसती पेन धरून बसली होती, मी सांगेन ते लिहून घ्यायला.